आईचा मलमपट्टीचा डबा

आईचं बोट कापलं ते दुधी चिरताना. सुरण नाही, नारळ नाही, दुधीसारखी गरीब भाजी! ती विळीवर बसली होती, जिन्यातून कुणीतरी हाक मारली, हिनं मान वळवली आणि बोट पात्यावर. एरवी आमच्या घरात कापलेल्या बोटाची कधी बातमी होत नसे. हळद दाबायची, चिंधी बांधायची आणि त्याच हातानं भाजी फोडणीला टाकायची. पण मधल्या काळात आईच्या हृदयाजवळच्या नळीत स्टेंट बसला आणि रोजची एक रक्त पातळ करायची गोळी मागे लागली. त्यामुळे रक्त काही थांबेना. हळद वाहून गेली, चिंधी भिजली, दुसरी बांधली, तीही भिजली. शेवटी शेजारच्या वहिनींनी तिला रिक्षात घातलं आणि डॉक्टरकडे नेलं.

माझं ऑफिस साकीनाक्याला, आईचं घर मरोळला. फोन आला तशी मी निघाले, पण पोचेपर्यंत टाके घालून झाले होते. आई दवाखान्याच्या बाकावर बोट वर धरून बसली होती आणि अर्धा दुधी चिरून तसाच पडलाय, काळा पडेल, म्हणून हळहळत होती. मला इतका राग आला की तिथेच ओरडले, "दुधी गेला खड्ड्यात!" डॉक्टरांनी वर बघितलं. वहिनी गालात हसल्या. आई म्हणाली, "हळू बोल, दवाखाना आहे."

संध्याकाळी दादाचा पुण्याहून फोन. दादा माझा थोरला भाऊ, आणि थोरला असल्याचं त्याला कधी विसरायला होत नाही. "बस झालं आता," म्हणाला, "आईला मी पुण्याला आणतो. एकटीनं राहायचे दिवस गेले." मी म्हटलं, "पुण्याला कशाला? तिथे तिला कोण ओळखतं? माझ्याकडे मुलुंडला येईल." माझं घर दोन खोल्यांचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी नोकरीला बंगळूरला. म्हटलं, एक खोली रिकामीच आहे. मग आमची दोघांची जुंपली. आई कुणाकडे जाणार यावर आम्ही भांडत होतो आणि फोन स्पीकरवर होता. आई शेजारी बसून एका हातानं शेंगा सोलत होती.

ती एवढंच म्हणाली, "तुमी दोघा भांडा. माका खंय जावचा नाय."

आई तशी पन्नासाहून जास्त वर्षं मुंबईत. बाजारात, दवाखान्यात, फोनवर सगळीकडे मुंबईचं मराठी बोलते. पण मनापासून चिडली की आतलं मालवणी बाहेर येतं, आणि ते आलं की तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. हे घर तिचं. वडील मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लेथवर होते, त्यांच्या ओव्हरटाइमवर या दोन खोल्या झाल्या. खालच्या पायरीवरची फरशी फुटलेली आहे हे तिच्या पायांना ठाऊक आहे. पाण्याची मोटर सुरू झाली की कोणत्या मजल्यावरून कोण ओरडणार हेही तिला माहीत असतं. तिथून उचलून तिला पुण्याच्या अकराव्या मजल्यावर नेऊन ठेवायचं म्हणजे काय, हे मला कळत होतं. मुलुंडचा तिसरा मजला तेवढा वाईट नाही असं मात्र मला वाटत होतं.

शेवटी तह झाला. आईनं मरोळलाच राहायचं. मी तिला घरात एक मलमपट्टीचा डबा करून द्यायचा आणि तो कसा वापरायचा ते शिकवायचं. पण पुन्हा एकदा असं झालं, रक्त थांबेना म्हणून कुणाला धावावं लागलं, की घराला कुलूप. मग पुणे की मुलुंड ते आम्ही बघू. दादानं हे असं सांगितलं की जणू तो निकाल वाचत होता. आईनं "बरं" म्हटलं. ती "बरं" म्हणाली की मला जास्त भीती वाटते.

आता हे काम माझ्याकडे का आलं, तर आमच्या ऑफिसात एकदा प्रथमोपचाराचं एक दिवसाचं शिक्षण झालं होतं. बाकीचे सगळे चहा-समोशासाठी बसले होते. मी पहिल्या रांगेत बसून प्रश्न विचारले आणि शिकवणाऱ्याचा जीव नकोसा केला. तेव्हापासून ऑफिसात कुणाला ठेच लागली तरी मला बोलावतात. म्हणजे मला येतं, असा माझा समज होता.

शनिवारी मी मरोळला गेले ते एक झकास पारदर्शक प्लॅस्टिकचा खोका घेऊनच. आत कप्पे, दोन्ही बाजूंना खटके. आईनं तो हातात घेतला, एक खटका उघडायचा प्रयत्न केला, मग दोन हातांनी केला, मग पदरानं धरून केला. खोका माझ्यापुढे ठेवला.

"मला सांग, माझा एक हात कापलेला असताना हा मी कशानं उघडू? दातानं?"

तिनं फळीवरून फराळाचा स्टीलचा डबा काढला. पसरट, मोठा, वापरून वापरून झाकण सैल झालेला. त्याच्यावर वडिलांचं नाव कोरलेलं आहे, आमच्या घरातल्या सगळ्याच भांड्यांवर आहे. तिनं कोपरानं झाकणाला धक्का दिला आणि ते उघडलं. "हा," म्हणाली. मला मान्य करावं लागलं. खोका मी परत मुलुंडला नेला. त्यात आता माझे बटाटे असतात.

डबा ठरला, मग आधी घरातली जुनी औषधं काढली. बाप रे! टीव्हीखालच्या खणात एक पिशवी, तिच्यात दुसरी पिशवी, तिच्यात तिसरी, आणि प्रत्येकीला निरगाठ. आई कशालाही गाठ मारल्याशिवाय ठेवत नाही. कडीपत्ता असो, दागिने असोत. मी नखं मोडून गाठी सोडवत बसले आणि बडबडत होते, "अगं, वेळेला सुटतात का या? माणूस मरेल पण तुझी गाठ सुटायची नाही." आत निघाल्या सुकलेल्या मलमाच्या ट्यूबा, नाव पुसून गेलेल्या गोळ्यांच्या अर्ध्या पट्ट्या, कुणाच्या तरी कानात घालायचे थेंब. मी सरळ कचऱ्याच्या पिशवीत टाकत सुटले. आई ते बघत होती.

मग हाताला वडिलांची क्रेप बँडेज लागली. त्यांचा गुडघा दुखायचा तेव्हा कामावर जाताना बांधायचे ती. धुऊन, नीट गुंडाळून ठेवलेली. मी म्हटलं, "ही जुनी झाली, मी नवी आणलेय." आईनं ती माझ्या हातातून घेतली. ताणून बघितली. सोडली तर पुन्हा जागेवर गेली. "चांगली आहे," म्हणाली, आणि उठून कपाटात साड्यांच्या बाजूला ठेवून आली. मलाही ती टाकवली नसती.

डब्यात मी काय काय घातलं ते सांगते, कारण त्यावरून पुढे महाभारत झालं. गॉझच्या बंद पाकिटातल्या घड्या, भरपूर. चिकटपट्टीचा रोल. छोट्या जखमेच्या तयार पट्ट्या. नवी क्रेप बँडेज. आयोडीनचं मलम. बोथट टोकाची कात्री. हातमोजे. आणि ती कोणत्या गोळ्या घेते ते लिहिलेली एक चिठ्ठी, म्हणजे नेणाऱ्याला डॉक्टरपुढे सांगता येईल. आईनं सगळं उचलून उचलून बघितलं.

"कापूस कुठाय?"

"कापूस नाही. जखमेला चिकटतो, त्याचे धागे आत राहतात."

"आणि हळद?"

"हळद अजिबात नाही!"

"इतकी वर्षं हळदीनं सगळं बरं झालं."

"इतकी वर्षं तू रक्त पातळ करायची गोळी घेत नव्हतीस. आणि हळद घातली की डॉक्टरला आत काही दिसत नाही. धुवायचं, गॉझ ठेवायची, दाबायचं. बस."

आई म्हणाली, "बरं."

दाबण्याचीही मी तिला तालीम दिली. माझ्या हातावर लाल पेननं रेघ मारली आणि म्हटलं, ही जखम. दाब. तिनं दाबलं आणि लगेच उचलून बघितलं. मी ओरडले. पुन्हा दाबलं, पुन्हा उचललं. सगळे हेच करतात, थांबलं का बघायला उचलतात, आणि जमू लागलेली गाठ पुन्हा फुटते. "उचलायचं नाही! भिजलं तर त्याच्यावरच दुसरी घडी ठेवायची आणि दाबत राहायचं. हात छातीच्या वर. चांगला वेळ, घड्याळ लावून." आई म्हणाली घड्याळाकडे कोण बघत बसणार. मग तिनंच तोड काढली. गणपतीत आमच्याकडे आरत्या लांबतात, एकीला दुसरी जोडत जातात. "पहिल्या आरतीपासून प्रसाद वाटेपर्यंत दाबून धरायचं. असंच ना?" मी म्हटलं, असंच. भाजलं तर काय, तेही सांगितलं. नळाखाली धरायचं, भरपूर वेळ, दातांची पेस्ट नाही, बर्फ नाही. तिनं सगळं पाठ म्हणून दाखवलं, शाळेतल्या मुलीसारखं हात मागे बांधून. माझी थट्टाच चालली होती.

निघताना मी डब्याच्या झाकणावर लाल नेलपॉलिशनं मोठी अधिकची खूण काढली. पुढच्या शनिवारी गेले तर खूण गायब. "डबा घाण झाला होता," आई म्हणाली, "घासून काढला."

मला वाटलं होतं डबा फळीवर राहील आणि मी निश्चिंत होईन. कसलं काय! डबा फळीवर राहिलाच नाही. वरच्या मजल्यावरचा मुलगा क्रिकेट खेळताना गुडघा फोडून आला, डबा वर गेला. शेजारच्या वहिनींना इस्त्रीचा चटका बसला, डबा शेजारी गेला. तळमजल्यावर कुणाचा पाय मुरगळला, नवी क्रेप बँडेज तिकडे गेली ती गेलीच. आईचा डबा आहे हे सगळ्या बिल्डिंगला कळलं होतं, कारण आईनंच सगळ्यांना सांगितलं होतं. आणि ती तो नुसता देत नव्हती, बरोबर जात होती. वहिनींचा हात नळाखाली धरून उभी राहिली, त्या पेस्ट लावायला निघाल्या तर त्यांना ओरडली. मला हे सगळं फोनवर कळायचं आणि माझा पारा चढायचा.

"आई, तो डबा तुझ्यासाठी आहे!"

"मग दुसऱ्याचं रक्त काय लाल नसतं?"

"संपल्यावर तू काय करशील?"

"तू भरशीलच ना."

भरत होते. दर खेपेला भरत होते आणि दर खेपेला बोलत होते. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही, जी आमच्या घरात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात पहिल्यांदा यायला हवी होती. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही. वाटीभर साखर नेली तर वाटीतून चटणी येते. निदान चिमूटभर साखर तरी घालून देतात. तिथे नाव कोरलेला फराळाचा डबा माणसं रिकामा परत करतील का?

त्या रविवारी दादा येणार होता. तहाला सहा महिने होत आले होते, एकदा समोरासमोर बोलून ठरवू म्हणाला. म्हणजे त्याचं ठरलेलंच होतं. "आतापर्यंत मोठं काही झालं नाही म्हणून पुढे होणार नाही असं थोडंच आहे?" हे त्याचं वाक्य मला फोनवर पाठ झालं होतं. आणि खरं सांगायचं तर माझंही ठरलेलं होतं. मी रिकाम्या खोलीला पडदे लावून घेतले होते. आईच्या आवडीचे, बारीक फुलांचे. दादाला बोलू द्यायचं, पुण्याचं नाव निघालं की आई नको म्हणेल, आणि मग मी मुलुंडचं पुढे करायचं, असा माझा बेत होता.

सकाळीच मरोळला पोचले. दादाला बांगडे आवडतात, म्हणून आईनं बाजारातून बांगडे आणले होते आणि कोळणीकडून साफ न करता तसेच आणले होते. कोळीण घाईत कापते, नीट धूत नाही, असं तिचं म्हणणं. मी आत गेले तर बाई विळी घेऊन खाली बसायच्या तयारीत.

"ऊठ तिथून!" मी म्हटलं. "दादा दारात येईल आणि तू विळीवर बसलेली दिसशील? आजच्या दिवशी? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? सरक, मी करते."

"तू कधी केलेस बांगडे? तुला कोळीण साफ करून देते."

"येतं मला."

बसले. आई ओट्याशी नारळ खवत होती आणि मी खालून तिला ऐकवत होते. दादा काय म्हणेल, तू काय म्हण, हट्ट कसा करू नकोस, मुलुंडला बाजार कसा जवळ आहे, खाली बाग आहे, तुझ्या वयाच्या बायका संध्याकाळी कशा बसतात. बोलता बोलता मी मान वर केली, ती ऐकते का बघायला. बांगडा ओला होता. तो सटकला आणि माझा हात पात्यावर गेला. अंगठ्याच्या खालचा मांसल भाग उघडला.

रक्त बघून माझं काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. ऑफिसात दहा जणांची बोटं मी बांधली आहेत. पण हे माझं होतं. हात दुसऱ्या हातात धरून मी नुसती "आई, आई गं" करत बसले. कानात शिट्टी वाजू लागली. आईनं खवणी बाजूला ठेवली, मला काखेत धरून उठवलं आणि हात नळाखाली धरला. साबण लावला. मी ओरडले.

"गप रव. मासळीचो हात तो, आधी धुवक व्हयो."

मग तिनं मला खुर्चीवर बसवलं, फळीवरून डबा काढला आणि कोपरानं झाकण उडवलं. आत नाचणीचे लाडू. वरपर्यंत, नीट रचून, मध्ये वर्तमानपत्राची घडी घातलेली. वरच्या मजल्यावरून आले होते, गुडघ्याबद्दल. गॉझची एक घडी नाही, पट्टी नाही. कात्री तेवढी लाडवांच्या खाली कुठेतरी असणार.

"वाट लागली," मी म्हटलं आणि रडायलाच लागले.

आईनं डब्याचं झाकण परत लावलं, लाडवांना वारा लागू नये म्हणून. सावकाश कपाटाकडे गेली. वडिलांच्या जुन्या धोतराच्या घड्या तिच्याकडे धुऊन ठेवलेल्या असतात, त्यातल्या दोन-तीन काढल्या आणि बाजूची क्रेप बँडेज घेतली. एक घडी जखमेवर ठेवली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. एवढा जोर असेल तिच्या हातात असं मला वाटलं नव्हतं. माझा हात तिनं माझ्या छातीच्या वर उचलून धरला आणि पुटपुटत आरती सुरू केली.

"थांबलं का? बघ ना," मी म्हटलं.

ती आरती म्हणतच राहिली, फक्त डोळे वटारले. मी हात सोडवून घडी उचलायला गेले तर माझ्या दुसऱ्या हातावर फटका मारला. चांगला लागला. एका आरतीवरून दुसरीवर गेली, दुसरीवरून तिसरीवर. धोतर भिजलं तशी तिनं त्यावर दुसरी घडी ठेवली, पहिली उचलली नाही. माझ्या कानातली शिट्टी हळूहळू थांबली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, बसका आणि थोडा बेसूर. सगळ्या आरत्या झाल्यावर तिनं वडिलांची बँडेज गुंडाळली, माझी नखं दाबून रंग परत येतो का बघितलं आणि म्हणाली, "प्रसाद."

एक लाडू माझ्या तोंडात घातला.

तेवढ्यात दादा आला. दार उघडंच होतं. त्याला दिसली ती लाल फरशी, बाजूला आडवी पडलेली विळी आणि फरशी पुसून रक्तानं भिजलेली धोतराची घडी हातात घेऊन उभी आई. तो चपला काढायच्या आधीच सुरू झाला. "बघितलंस? बघितलंस ना? मी काय सांगत होतो! आता एक दिवसही इथे ठेवणार नाही. बॅग भर हिची."

आईनं त्याला बोलू दिलं. मग धोतर बादलीत टाकलं, हात धुतले, पदराला पुसले आणि दोन्ही हात त्याच्यासमोर धरले. उलटे केले, सुलटे केले.

"रगत माझा नाय, तिचा," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बोट केलं. "एकटीच रवता ती थंय मुलुंडाक. न्हेवचा तर हिका घेवन जा पुण्याक."

दादानं माझ्याकडे बघितलं. तोंडात लाडू होता, मला काही बोलता येईना. बांधलेला हात वर धरून मी बसले होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. दादा आधी गोंधळला आणि मग हसत सुटला, लहानपणी हसायचा तसा, भिंतीला टेकून. मला त्याचा राग आला, तसं मलाही हसू फुटलं आणि लाडवाचा चुरा सगळीकडे उडाला.

दादानं मला दवाखान्यात नेलं. टाके पडले. डॉक्टरांनी बँडेज सोडून बघितलं आणि विचारलं, कुणी बांधलं? मी म्हटलं, आईनं. ते म्हणाले, छान दाबून धरलं होतं. दादा तिथेच उभा होता, त्यानं ऐकलं. घरी आल्यावर बांगडे आईनंच साफ केले, विळीवर बसून, आणि आम्ही दोघं ते बघत बसलो. जेवताना पुण्याचा विषय त्यानं काढला नाही. मुलुंडचा मीही काढला नाही. निघताना तो आईच्या पाया पडला आणि एवढंच म्हणाला, "ते गॉझ-बिझ मी पुण्याहून पाठवत जाईन. जास्तीचं पाठवीन, बिल्डिंगला पुरेल एवढं."

मला वाटेत मुलुंडला सोडणार म्हणून तो गाडी काढायला खाली गेला, मी मात्र बसून राहिले. आई म्हणाली, आज इथेच राहा. मी म्हटलं, उद्या ऑफिस आहे. का म्हटलं कुणास ठाऊक, तशा हातानं कोण ऑफिसला जाणार होतं? मला राहायचं होतं. मला तिनं माझ्याकडे यायला हवं होतं, रोज संध्याकाळी कुलूप उघडलं की आत दिवा लागलेला हवा होता. जखम, गोळ्या, रक्त, हे सगळं खरं होतं, पण त्याच्या मागे हे होतं. आईनं फार वेळ माझ्याकडे बघितलं. मग वहिनींकडे जाऊन आली, वर जाऊन आली, आणि घराघरांत राहिलेल्या गॉझच्या घड्या आणि पट्ट्या गोळा करून आणल्या. डब्याच्या तळाशी त्या भरल्या, वर लाडू रचले. वडिलांच्या नावाचा डबा कापडी पिशवीत घातला आणि पिशवीच्या बंदांना अशी निरगाठ मारली की रिक्षा उलटली तरी सुटू नये.

"तुला राहू दे ना," मी म्हटलं.

"माझ्याकडे बिल्डिंग आहे," ती म्हणाली. "तुझ्याकडे काय आहे?"

दादाच्या गाडीतून मुलुंडला आले. तो खाली सोडून पुढे गेला. घरात आले, दिवा लावला, पिशवी टेबलावर ठेवली. रात्रीची गोळी घ्यायची होती, रिकाम्या पोटी नको म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं. लाडू खावा म्हटलं. एका हातानं गाठ सुटेना. दातांनी ओढली, गुडघ्यात धरून ओढली, नखं घातली. काही नाही. माझा संताप झाला. सरळ आईला फोन लावला.

"गाठ कशाला मारलीस गं? हजारदा सांगितलंय गाठी मारू नको म्हणून! एका हातानं सुटते का ही?"

"नाय सुटत?"

"नाही सुटत!"

आई म्हणाली, "शेजारी कोण नाय तुझ्या?"

मी फोन ठेवला. पिशवीकडे बघत बसले. कात्री होती घरात. बंद कापले असते तर प्रश्न मिटला असता, पण आईनं स्वतः शिवलेली पिशवी कापायची माझी हिंमत नाही. समोरच्या घरात कोण राहतं हे मला नावानं माहीत होतं. इतक्या वर्षांत लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे आमचं काही नव्हतं. पिशवी काखेत धरली, चप्पल न घालताच बाहेर आले आणि बेल वाजवली.

माझ्याच वयाच्या बाई. दार उघडून त्यांनी आधी माझ्या हाताकडे बघितलं, मग पिशवीकडे.

"एवढी गाठ सोडवून द्याल का?" मी म्हटलं. आणि मग जे मी दादाला, आईला, कुणालाच कधी तोंडानं म्हटलं नव्हतं, ते त्या बाईंना म्हटलं. "मी एकटी राहते."

"मग आत या ना," त्या म्हणाल्या. "दारात काय उभ्या राहता."